विहिरीत शिकलेली पोर

वाचकहो, तुमच्यापैकी कितीजणांना पोहता येते असे विचारले, तर निम्म्याहून अधिक बापेमाणसे हात वर करतील. कोठे शिकलात म्हणून विचारले तर उत्तर एकच येईल : विहिरीत. पाठीला पत्र्याचा बंद डबा नाहीतर वाळलेला भोपळा बांधायचा, मामाने किंवा काकाने वरून ढकलून द्यायचे, आणि नाकातोंडात पाणी जाता जाता चौथ्या-पाचव्या दिवशी डबा सुटायचा. मीही असाच शिकलो. पण आपण किती वेगाने पोहतो, हे आपल्यापैकी कोणी कधी मोजले नाही. मोजायला कारणच नव्हते.

आमच्या घरात ते कारण निघाले चार वर्षांपूर्वी, आणि तेही पुतणीच्या पायी. आमचे गाव चिखलीपासून जवळच. धाकटा भाऊ आणि मी एकत्र आहोत. सोयाबीन-तूर, मागून हरभरा-गहू, दोन म्हशी, आणि वावरात आबांच्या काळात बांधलेली, चोवीस फूट रुंदीची विहीर. पुतणी तेव्हा आठवीत होती. पोरींना पोहायला शिकवण्याची आमच्याकडे रीत नव्हती. पण त्या साली पलीकडच्या वस्तीवरचा एक मुलगा शेततळ्यात गेला. शेततळ्याला प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो, त्यावर शेवाळ धरते, आणि एकदा पाय घसरला की पोहता येणाऱ्यालाही काठ धरता येत नाही. त्या पोराला तर पोहताच येत नव्हते. त्या रात्री आबा जेवले नाहीत. सकाळी उठून म्हणाले, "या घरातलं एकही लेकरू पाण्याला भिणारं नको. पोरगा असो का पोरगी." दसऱ्यानंतर विहीर तुडुंब असताना त्यांनी स्वतः पायऱ्यांवर बसून तिघा पोरांना शिकवले. दोन पोरे शिकली आणि थांबली. ही थांबली नाही.

(जाता जाता सांगतो. तुमच्या शेततळ्यात दोन्ही बाजूंनी गाठी मारलेला जाड दोर सोडून ठेवा, आणि हवा भरलेली ट्यूब काठावर बांधून ठेवा. खर्च फारसा नाही. आणि विहिरीत कोणीही उतरण्याआधी मोटारीचा स्टार्टर बंद करून फ्यूज काढून खिशात घाला. पाण्यात वीज उतरली तर पट्टीच्या पोहणाऱ्यालाही ओरडायची उसंत मिळत नाही.)

माझी बहीण, म्हणजे पुतणीची आत्या, अमरावतीला असते. आठवीची परीक्षा झाली आणि पोर सुट्टीला आत्याकडे गेली. अमरावतीला श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, हे तुम्हांला ठाऊक असेलच. १९१४ साली वैद्य बंधूंनी ते काढले. १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिक भरले, तेव्हा या मंडळाच्या पथकाने परदेशी लोकांना आपली कबड्डी खेळून दाखवली होती. तेथे पोहण्याचा तलाव आहे. आत्याने सहज म्हणून तिला तेथे नेले, आणि पोर पाण्यात पडल्यावर पोहणे शिकवणाऱ्यांनी विचारले, "कुठं शिकलीस?" ही म्हणाली, "विहिरीत." ते हसले नाहीत. म्हणाले, "दम चांगला आहे, पण मान खाली घाल."

वाचकहो, विहिरीतले पोहणे आणि शर्यतीचे पोहणे यांत फरक आहे तो या मानेचा. आपण विहिरीत मान वर ठेवून पोहतो, कारण समोरची कपार दिसली पाहिजे आणि नाकात पाणी जाता कामा नये. पण मान वर गेली की कंबर खाली जाते, पाय आणखी खाली जातात, आणि सगळे अंग पाण्यात तिरपे होऊन पाणी ढकलत बसते. नांगराचा फाळ गरजेपेक्षा खोल गेला की बैल दमतात आणि तास काही लांबत नाही, तसेच हे. मान पाण्यात, अंग फळीसारखे सपाट, श्वास पाण्यात सोडायचा आणि एका बाजूला तोंड वळवून घ्यायचा. पाय गुडघ्यातून नव्हे, मांडीतून मारायचे. ऐकायला सोपे आहे. पोरीला पाण्यात श्वास सोडायला शिकायला बारा दिवस लागले. लहानपणापासून पाण्यात तोंड मिटून धरायची सवय लागलेली, ती मोडणे म्हणजे नव्याने शिकण्याहून अवघड.

तेथे प्रथमच तिची वेळ घड्याळावर मोजली. पन्नास मीटर अंतर, म्हणजे आपले एकशे चौसष्ट फूट, चोपन्न सेकंदांत. महिन्याने ती घरी आली तेव्हा एकोणपन्नासावर आली होती. भावाने दुधाच्या हिशेबाच्या वहीत शेवटच्या पानावर ते दोन आकडे लिहून ठेवले. का लिहिले, ते त्यालाही सांगता आले नसते.

दुसऱ्या उन्हाळ्यात चव्वेचाळीस सेकंद. मग दहावीत असताना तिच्या शाळेतल्या खेळाच्या सरांनी शालेय स्पर्धेला नाव दिले. आपल्या मुलांसाठी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या मार्फत दरवर्षी या स्पर्धा होतात. जिल्हा, मग विभाग, मग राज्य, आणि त्यापुढे राष्ट्रीय. वयाचे गट असतात : चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील. आपला विभाग अमरावतीचा, म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशिम आणि आपला बुलढाणा, असे पाच जिल्हे. जिल्ह्यात आमची पोर पहिली आली. घरी पेढे आले, शेजारपाजारच्यांनी ओवाळले. मी पेढा खाल्ला, पण मनातून ओशाळलो होतो, कारण मी तेथे हजर होतो. तिच्या शर्यतीत पाण्यात तीनच मुली होत्या, आणि त्यातली एक भिंत धरून चालल्यासारखी गेली.

विभागात गेल्यावर खरे काय ते कळले. तिथल्या मुली सूर मारत होत्या तो बाणासारखा. आमची पोर विहिरीच्या काठावरून मारतात तशी उडी मारून छातीवर आपटली. तेथेच दोन सेकंद गेले. बेचाळीस सेकंद आणि वर काही, आणि शेवटून दुसरी. परतीच्या एस.टी.त अकोल्यापासून खामगावपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. खामगाव सोडल्यावर म्हणाली, "काका, मला जिल्ह्याचं मेडल कुणाला दाखवायचं नाही." मला तिचा त्या दिवशी जेवढा अभिमान वाटला तेवढा पेढ्यांच्या दिवशी वाटला नव्हता.

आता प्रश्न असा, की उन्हाळ्याचे दीड-दोन महिने सोडले तर बाकी वर्षभर काय करायचे? आपल्याकडे गंमत अशी, की विहिरीला पाणी असते तेव्हा शाळा असते, आणि शाळेला सुट्टी लागते तेव्हा विहिरीत तळ दिसतो. दसऱ्यापासून होळीपर्यंतचे दिवस तेवढे आपले. आणि चोवीस फुटांच्या विहिरीत चार हात मारले की समोरची भिंत येते. यावर तोड काढली ती भावाने. सायकलच्या दोन जुन्या ट्यूबा जोडून एक टोक पायरीच्या लोखंडी कडीला बांधले आणि दुसरे पोरीच्या कमरेला, खाली जाड पट्टा घालून. ती पोहते, ट्यूब ताणते आणि तिला मागे ओढते. म्हणजे पोहायचे पुष्कळ पण जायचे कोठेच नाही, खुंट्याला बांधलेल्या वासरासारखे. अमरावतीच्या शिक्षकांना हे फोनवर सांगितले तेव्हा ते म्हणाले, चांगले पोहणारेसुद्धा असा सराव करतात, फक्त त्यांचा रबर विकतचा असतो. भावाला दोन दिवस जमिनीवर पाय ठेववत नव्हता.

वरती आबा राखण बसतात. ती एकटी कधीही पाण्यात उतरत नाही, हा घरातला नियम आहे आणि तो आजवर मोडलेला नाही. ज्या आठवड्यात शेतीला दिवसा वीज असते त्या आठवड्यात मोटार चालते, म्हणून पोहणे सांजेला, वीज गेल्यावर. रात्रीची पाळी असली की पोहणे सकाळी. गव्हाच्या ओलिताच्या दिवसांत पाणी चार-पाच हात खाली गेले की कडी उंच राहते आणि ट्यूब पुरत नाही, तेव्हा मधे दोराचा तुकडा जोडायचा.

खाण्यापिण्याचे पुष्कळजण विचारतात. वेगळे काही नाही. ज्वारीची भाकर, वरण, भिजवलेला हरभरा, मूठभर शेंगदाणे आणि म्हशीचे दूध. डब्यातल्या पावडरी घेऊ का म्हणून तिने एकदा विचारले होते. तिच्या शिक्षकांनीच नको सांगितले.

बायकांच्या बाजूची गोष्ट मात्र मला सांगितली पाहिजे, कारण ही गोष्ट अडली असती तर तेथेच अडली असती. आमच्या आईला पहिली दोन वर्षे हे पसंत नव्हते. एक तर उन्हात रंग काळवंडतो, आणि दुसरे म्हणजे पोशाख. "चार माणसांत पोरीनं असल्या कपड्यात उभं राहायचं?" यावर मी भाषण करणार होतो, पण वहिनीने शहाणपण केले. तिने तो पोशाख आईच्या हातात दिला. शर्यतीच्या नियमातच खांद्यापासून गुडघ्यापर्यंतचा पोशाख चालतो. आईने तो उलटसुलट करून पाहिला, ओढून पाहिला आणि म्हणाली, "शिवण चांगली आहे." त्यानंतर विरोध संपला असे नाही, पण तो बोलून दाखवणे संपले. गावात कोणी काही बोललेच, तर आता आईच उत्तर देते, आणि ते मी येथे लिहिणार नाही.

दहावीनंतरच्या सुट्टीत एकोणचाळीस सेकंद आणि वर आठ दशांश. अकरावीनंतर, म्हणजे गेल्या मे महिन्यात, सदतीस आणि एक दशांश. तुमच्या लक्षात आले असेल, की घट लहान लहान होत चालली आहे. पहिल्या साली पाच सेकंद महिन्याभरात गेले. आता वर्षभर राबून अडीच-तीन. पडीक जमिनीला पहिल्यांदा शेणखत घातले की पीक दुपटीने येते, पुढे पुढे एकेका पोत्यासाठी जीव काढावा लागतो, तसेच हे आहे, आणि हे पोरीला आधीच सांगून ठेवलेले बरे. नाहीतर ती समजते की आपले काहीतरी चुकते आहे.

सदतीस सेकंदांवरून मला एक माणूस आठवला. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर. सैन्यात होते, मुष्टियुद्ध खेळत. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आले. बरे होण्यासाठी म्हणून पाण्यात उतरले आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे अपंगांच्या जागतिक स्पर्धेत, म्हणजे पॅरालिंपिकमध्ये, याच पन्नास मीटरच्या पोहण्यात सुवर्णपदक घेतले. त्या स्पर्धांत भारताचे हे पहिले सुवर्णपदक. त्यांची वेळ सदतीस सेकंद आणि तेहेतीस शतांश. सरकारला त्यांची आठवण व्हायला पुढे पुष्कळ वर्षे लागली. पद्मश्री मिळाली ती २०१८ साली. आमची पोर त्यांच्या आकड्याच्या खाली आली, म्हणून तिला आनंद झाला. मी म्हटले, "बाई, तू पाय मारून आलीस. ते पायांची साथ नसताना आले." ती गप्प झाली. संध्याकाळी तिने ट्यूबेवर दहा मिनिटे नुसत्या हातांनी पोहून पाहिले आणि वर आल्यावर म्हणाली, "काका, कसं जमलं असेल त्यांना?"

दुसरा माणूस आहे कोल्हापूरचा वीरधवल खाडे. सोळाव्या वर्षी, २००८ साली तो बीजिंगच्या ऑलिंपिकमध्ये पोहला. २०१० साली चीनमध्येच ग्वांगझू येथे आशियाई स्पर्धेत त्याने पन्नास मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक घेतले. भारताला आशियाई स्पर्धेत पोहण्याचे पदक मिळाले ते चोवीस वर्षांनी. त्याआधी १९८६ साली सोलला खजानसिंगने रौप्य घेतले होते. पुढे महाराष्ट्र शासनाने खाडेला तहसीलदार नेमले. हे शेवटचे वाक्य ऐकले की आपल्या लोकांचे डोळे चमकतात. राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के राखीव जागा आहेत हेही खरे. पण बाबांनो, पोर तहसीलदार होईल म्हणून तिला पाण्यात ढकलू नका. खाडे एकच झाला. आपली पोरे कोठे उभी आहेत हे पाहायचे असेल, तर स्त्रियांचा या अंतराचा जागतिक उच्चांक तेवीस सेकंद एकसष्ट शतांश आहे, स्वीडनच्या सारा शोस्ट्रोमचा, २०२३ सालचा. आमच्या पोरीपेक्षा बारा सेकंदांनी कमी. तेवढ्या वेळात माझ्या विहिरीला एक फेरा मारून होतो.

मग या खटाटोपाला अर्थ काय, असे भावानेच विचारले. आणि येथून आमच्या घरातला खरा वाद सुरू झाला, तो अजून मिटलेला नाही. पोर आता बारावीला आहे. यंदा एकोणीस वर्षांखालील गटात विभागात तिसरी आली. वेळ पस्तीस सेकंद आणि नऊ दशांश. सूर आता सरळ जातो. राज्याची संधी थोडक्यात हुकली. शाळेच्या स्पर्धा संपल्या. पुढची दारे कॉलेजची.

ही दारे कशी आहेत ते मी चौकशी करून आलो, तुमच्याही उपयोगी पडेल. आपल्या पाच जिल्ह्यांतली बहुतेक कॉलेजे संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाला जोडलेली आहेत. हे विद्यापीठ १९८३ साली झाले. त्याआधी आपण नागपूरला जोडलेले होतो. या विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होतात. त्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जातो, आणि तो संघ देशभरातल्या विद्यापीठांशी खेळायला जातो. या संघात निवड झाली की विद्यापीठाचा 'कलर' मिळाला असे म्हणतात. आमच्या पोरीचे लक्ष्य तेवढेच आहे. ऑलिंपिक तिच्या तोंडात मी एकदाही ऐकले नाही. तिला विद्यापीठाच्या संघातून एकदा देशपातळीवर पोहायचे आहे, आणि नंतर खेळाची शिक्षिका व्हायचे आहे.

भावाचे म्हणणे असे : स्पर्धेला विद्यापीठाच्या कोणत्याही कॉलेजातून जाता येते ना? मग नाव चिखलीच्या कॉलेजात घालू. पोर घरी राहील, घरचे दूध पिईल, स्पर्धेपुरती अमरावतीला जाईल. कायद्याने त्याचे म्हणणे बरोबर आहे. पण पोर म्हणते, "बाबा, नाव कुठंही घाला, पाणी कुठं आहे?" ट्यूबेला बांधून दम वाढतो, हात मजबूत होतात, पण वळण घेणे, भिंतीला पाय देऊन सुटणे, शेजारी कोणीतरी आपल्यापेक्षा जोरात जात असताना आपला ठेका न सोडणे, हे विहिरीत कसे शिकणार? अमरावतीला तलाव कॉलेजच्या दिवसांतही असतो, आणि व्यायाम प्रसारक मंडळाचे शारीरिक शिक्षणाचे कॉलेजही तेथेच आहे.

भावाला पैशाची काळजी आहे, ती खोटी नाही. दोन साली सोयाबीनने हात दिला नाही. आत्याचे घर दोन खोल्यांचे, तिची स्वतःची मुले मोठी होत आहेत. तीन वर्षे पोर तेथे ठेवणे बरे नाही, वसतिगृहच पाहावे लागेल. आणि खरे सांगायचे तर भावाच्या मनात पैशाशिवाय आणखी एक गोष्ट आहे, ती तो बोलत नाही. बारावी झाली की पोरीची स्थळे येऊ लागतात. एक तर आलेही होते, चांगल्या घरचे, देऊळगावराजाकडचे. मी मोठा भाऊ आहे, मी शब्द टाकला तर तो मोडणार नाही. म्हणूनच टाकलेला नाही. पोर त्याची आहे.

मी त्याला एवढेच दाखवले, की आपल्या बुलढाण्याचा प्रथमेश जावकर धनुष्यबाण घेऊन २०२३ साली शांघायच्या विश्वचषकात उतरला आणि जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या हॉलंडच्या खेळाडूला हरवून सुवर्णपदक घेऊन आला. तो म्हणाला, "दादा, धनुष्याला पाणी लागत नाही." यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते.

सध्या हरभरा घाट्यांवर आहे आणि विहिरीला अजून बरे पाणी आहे. पोरीची परीक्षा जवळ आली म्हणून पोहणे अर्ध्या तासावर आणले आहे. परवा सांजेला मी वावरातून आलो, तर आबांच्या जागेवर भाऊ बसला होता. हातात माझे घड्याळ. खाली ट्यूब ताणलेली, पाण्याचा आवाज भिंतींवरून घुमत होता. मी काही बोललो नाही. दूध काढायची वेळ झाली म्हणून गोठ्यात गेलो, तर खुंटीवर हिशेबाची वही होती. मागच्या पानावर सेकंदांचे आकडे संपतात तेथे रेघ मारून त्याने नवीन लिहायला घेतले आहे : वसतिगृह, खाणावळ, तलावाची फी, एस.टी. भाडे सुट्ट्यांचे, पोशाख दोन. समोर रकमा मांडल्या आहेत. काही खोडून पुन्हा लिहिल्या आहेत. बेरीज अजून केलेली नाही.